सोसायटीतले जुने घर विकून लहान घरात जाताना: महाराष्ट्रातील ज्येष्ठांसाठी क्रमवार मार्गदर्शन

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. १९९१ साली ते घेतले तेव्हा ही गोष्ट आमच्या ध्यानातही आली नव्हती. पासष्टी ओलांडल्यावर मात्र गुडघे ती रोज दोनदा आठवण करून देऊ लागले. शेवटी माझ्या यजमानांनी आणि मी ते घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीतील लहान घरात जायचे ठरवले. या व्यवहारात आम्ही जो मनस्ताप सोसला, त्यातला बहुतेक एकाच चुकीतून आला होता. आम्हाला ग्राहक सर्वांत आधी मिळाला, आणि त्यानंतर कागद शोधणे, नवे घर बघणे, ३३ वर्षांचे सामान आवरणे ही सगळी कामे त्याच्या तारखेला बांधली गेली. क्रम याच्या नेमका उलट हवा होता: आधी कागद, मग कराचा हिशेब, मग नवी जागा, मग सामान आणि शेवटी ग्राहक. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका असलेल्यांना त्या जशाच्या तशा लागू पडतील. संपूर्ण कामाला किमान आठ-दहा महिने लागतात असे धरून चाला.

१. निर्णय घरातल्या माणसांत पक्का करा

सदनिका कोणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आठवणीवर नव्हे तर करारनाम्यावर शोधायचे आहे. दोघांच्या नावावर घर असून त्यांपैकी एक जण हयात नसेल, तर दिवंगत व्यक्तीचा हिस्सा तिच्या मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार वारसांकडे जातो. सोसायटीत नॉमिनी म्हणून आपले नाव आहे, म्हणजे घर आपले झाले, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. नामनिर्देशनामुळे सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा ते कळते. मालकी त्याने ठरत नाही. मुलांचा हिस्सा येत असेल तर त्यांना विक्रीच्या दस्तावर सही करावी लागेल, किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागेल. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर या एका कामात दोन-तीन महिने सहज जातात, कारण तिकडून कुलमुखत्यारपत्र रीतसर साक्षांकित होऊन यावे लागते.

याच टप्प्यावर काही घरांत असाही विचार पुढे येतो की विकण्याऐवजी घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून द्यावे आणि त्याच्याकडे राहायला जावे. महाराष्ट्रात राहते घर मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र असल्याने हा मार्ग सोपा वाटतो. माझे मत विचाराल तर हयातीत घर नावावरून घालवू नये. त्यासाठी मृत्युपत्र असते. तरीही तसे करायचेच असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्याचे कलम २३ अशा अटीचा भंग झाल्यास हस्तांतर रद्द करून घेण्याची वाट देते, पण अटच लिहिलेली नसेल तर तीच वाट अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालच्या एका निकालात अट असणे आवश्यक मानले. २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला हे खरे, पण म्हातारपणी न्यायालयाच्या उदारपणावर भिस्त ठेवण्यापेक्षा कागदावर एक वाक्य जास्त लिहिलेले बरे.

इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाची चर्चा असतेच. "दोन वर्षे थांबा, दुप्पट किंमत येईल," असे सांगणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत भेटतात. त्यांचा हिशेब चुकीचा असेलच असे नाही, परंतु पुनर्विकासात मधली काही वर्षे भाड्याच्या घरात काढावी लागतात, आणि ती आपल्या आयुष्यातली कोणती वर्षे असतील याचा विचार ज्याचा त्याने करायचा असतो. आम्ही थांबलो नाही.

२. कागदांची फाइल ग्राहक येण्यापूर्वी पूर्ण करा

आमचे मूळ करारपत्र घरात नव्हते. गृहकर्ज फिटून अठरा वर्षे झाली होती, पण कर्ज देताना बँकेने ठेवून घेतलेले मूळ कागद परत आणायचे आम्ही विसरलो होतो, आणि मधल्या काळात ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. कागद मिळाले, पण सात आठवड्यांनी, आणि तोपर्यंत ग्राहक दर चार दिवसांनी फोन करत होता. १ डिसेंबर २०२३ पासून फिटणाऱ्या कर्जांच्या बाबतीत बँकांनी ३० दिवसांत मूळ कागद परत करावेत, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जुन्या कर्जदारांनी मात्र स्वतःच पाठपुरावा करावा.

फाइलमध्ये पुढील गोष्टी हव्यात:

- बिल्डरबरोबरचा किंवा आधीच्या मालकाबरोबरचा मूळ नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा)
- घर पुनर्विक्रीतून घेतले असेल तर पहिल्या मालकापासूनचे सर्व करार
- सोसायटीचे मूळ शेअर सर्टिफिकेट, त्यावर आपल्या नावाची नोंद झालेली असावी
- सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि देखभाल शुल्काची शेवटची पावती
- मालमत्ता कर व वीजबिल यांच्या चालू पावत्या
- इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) आणि मंजूर नकाशा यांच्या प्रती
- गृहकर्ज घेतले असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र
- सर्व मालकांचे पॅन आणि आधार
- सहमालक दिवंगत असल्यास मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, मृत्युपत्र किंवा हक्कसोडपत्र
- घरात केलेल्या मोठ्या कामांची बिले, कारण करपात्र नफा काढताना ती उपयोगी पडतात

करारनामा हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. इंडेक्स टू नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही शोधता येते. शेअर सर्टिफिकेट हरवले असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि सोसायटीला हमीपत्र, अशा क्रमाने दुसरी प्रत मिळवावी लागते. यात समितीची बैठक मध्ये येते, आणि समितीच्या बैठका आपल्या सोयीने होत नसतात, हे वेगळे सांगायला नको.

नावातला फरक हा स्त्रियांच्या बाबतीत हमखास येणारा अडथळा आहे. माझे नाव करारनाम्यात एका प्रकारे, पॅनवर दुसऱ्या आणि आधारवर तिसऱ्या प्रकारे होते. तिन्ही ठिकाणी व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र त्या वेळी चालून गेले, पण पॅन आणि आधार आधीच जुळवून घेणे जास्त शहाणपणाचे. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झालेला असेल, तर घराची किंमत देताना ग्राहकाला त्यातून १ टक्क्याऐवजी २० टक्के कर कापावा लागतो, आणि तो परत मिळवण्यासाठी पुढच्या विवरणपत्रापर्यंत थांबावे लागते.

३. कराचा हिशेब विक्रीपूर्वी करून घ्या

या एका कामासाठी चार्टर्ड अकाउंटंटची फी द्यायला मागेपुढे पाहू नका, परंतु त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतःला समजलेल्या असू द्या.

दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असलेले घर विकल्यावर होणारा नफा दीर्घकालीन भांडवली नफा मानला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाईचा निर्देशांक न लावता, म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून न धरता, १२.५ टक्के कर आहे. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी, निवासी भारतीय व्यक्तींना, निर्देशांक लावून २० टक्के या जुन्या पद्धतीने कर कमी येत असेल तर तितकाच भरण्याची सवलत आहे. घर १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेले असेल तर खरेदी किंमत म्हणून त्या दिवशीचे बाजारमूल्य धरता येते, पण ते त्या वेळच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा.

उदाहरण घेऊ. २००१ चे मूल्य १५ लाख आणि २०२५-२६ या वर्षातील विक्री १ कोटी असे समजा. नव्या पद्धतीने नफा ८५ लाख आणि कर १०,६२,५०० रुपये होतो. जुन्या पद्धतीने त्या वर्षीचा निर्देशांक ३७६ (२००१ चा १००) धरला तर खरेदी किंमत ५६,४०,००० होते, नफा ४३,६०,००० उरतो आणि कर ८,७२,००० येतो. उपकर दोन्हींवर वेगळा. १५ लाखांचा आकडा सिद्ध करणारा मूल्यांककाचा कागद नसेल तर हा सगळा फरक हातचा जातो.

आता सवलती. विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरे राहते घर विकत घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर त्यात गुंतवलेल्या रकमेइतक्या नफ्यावर कर लागत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५४ होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून सल्लागाराशी बोलताना क्रमांकापेक्षा विषय सांगा. येथे लहान घरात जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: विक्रीची पूर्ण रक्कम नव्या घरात घालावी लागत नाही, फक्त नफ्याची रक्कम पाहिली जाते. नव्या घराची किंमत नफ्यापेक्षा कमी असेल तर उरलेल्या नफ्याचा प्रश्न राहतो, आणि त्यासाठी विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम गुंतवता येते. ही रक्कम पाच वर्षे अडकते, आणि सत्तरीत पाच वर्षे पैसे अडकवायचे की कर भरून मोकळे व्हायचे, हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. आम्ही थोडी रक्कम रोख्यांत ठेवली आणि थोड्या रकमेवर कर भरला.

विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत नवे घर झाले नसेल तर त्यासाठीची रक्कम बँकेतील भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. साध्या मुदत ठेवीत ठेवून भागत नाही, आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते. नवे घर स्वतःच्या नावावरच घ्या. मुलाच्या एकट्याच्या नावावर घेतल्यास सवलत नाकारली जाऊ शकते. ते तीन वर्षांच्या आत विकले तर घेतलेली सवलत परत जाते.

सहमालकांपैकी कोणी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर ग्राहकाने कापायचा कर १ टक्का नसतो, बराच जास्त असतो. कमी दराने कपात व्हावी म्हणून आयकर विभागाकडून प्रमाणपत्र आधी मिळवता येते. करार झाल्यावर धावपळ करून ते वेळेत हाती येत नाही.

४. नवे घर आधी पाहा, जमल्यास आधी राहून पाहा

लहान घर म्हणजे फक्त कमी चौरस फूट नव्हे. घर पाहताना पुढील प्रश्न विचारले जात नाहीत, आणि विचारायला हवेत. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का? वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? न्हाणीघराचा दरवाजा बाहेर उघडतो का? आत उघडत असेल तर आत पडलेल्या माणसामुळेच तो अडकतो. चाकांची खुर्ची खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाऊ शकते का? उंबरठे किती आहेत? भिंतीत आधाराचे दांडे बसवता येतील अशी पक्की भिंत आहे का? इमारतीच्या फाटकापासून रिक्षा किती अंतरावर थांबते? मुलांच्या घरापासूनचे अंतर सगळे विचारतात, पण रोजच्या औषधांच्या दुकानापासूनचे अंतर त्यापेक्षा महत्त्वाचे ठरते, कारण तिथे आपण स्वतः जाणार असतो.

क्षेत्रफळाची चौकशी चटई क्षेत्रातच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेतच करा. जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटा धरलेले सुपर बिल्टअपचे आकडे पाहून सामानाची मांडणी ठरवू नका. इमारत नवी किंवा बांधकामाधीन असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक तपासा. ज्येष्ठांसाठी म्हणून जाहिरात होणाऱ्या प्रकल्पांसाठी महारेराने २०२४ साली किमान सुविधांची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, त्यामुळे विक्रेत्याला लिफ्ट, दरवाजे, न्हाणीघर यांबाबत नेमके प्रश्न विचारण्याचा आपल्याला आधार आहे. मासिक देखभाल शुल्क लेखी घ्या. अशा प्रकल्पांत ते पेन्शनचा मोठा भाग खाऊ शकते आणि दरवर्षी वाढते.

बांधकामाधीन घर घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. ताबा लांबला तर तरुण माणूस चिडतो आणि थांबतो; आपल्याला थांबण्यासाठी तेवढा वेळ असेलच असे नाही.

शक्य असेल तर ज्या भागात जायचे आहे तिथे काही महिने लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे भाड्याने, राहून पाहा. महाराष्ट्रात हा करार नोंदवणे बंधनकारक आहे आणि ते ऑनलाइन होते. आम्हाला पहिल्यांदा आवडलेल्या जागी खालच्या मंगल कार्यालयाचा आवाज लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत असतो, हे एका महिन्यात कळले आणि ती जागा यादीतून गेली.

५. सामान: येथे सर्वांत जास्त वेळ द्या

या पायरीला आम्ही तीन आठवडे दिले होते. पाच महिने द्यायला हवे होते.

सुरुवात माळ्यापासून करा, फोटोंच्या अल्बमपासून नाही. माळ्यावरच्या वस्तूंशी आपला रोजचा संबंध तुटलेला असतो, म्हणून तिथे निर्णय पटकन होतात आणि हात सरावतो. त्यानंतर स्वयंपाकघर, मग कपडे, मग पुस्तके, आणि पत्रे, फोटो, मुलांच्या लहानपणच्या वस्तू अगदी शेवटी. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ हे काम करू नका. तिसऱ्या तासाला माणूस एक तर सगळेच ठेवतो, नाही तर सगळेच टाकतो.

नव्या घराचे मोजमाप आधी घ्या आणि मगच मोठ्या वस्तूंचा विचार करा. आम्ही जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे चिकटवून पलंग, कपाट, जेवणाचे टेबल यांच्या आकाराचे कागद कापले आणि नव्या घराच्या रिकाम्या फरशीवर अंथरले. शिसवी कपाटावरून आमच्यात आठ दिवस चाललेला वाद त्या कागदाने पाच मिनिटांत मिटवला: कपाट ठेवले तर खिडकी उघडत नव्हती. दरवाजाची आणि लिफ्टची रुंदीही मोजा, कारण जुनी लोखंडी कपाटे जिन्यावरून चढवलेली असतात आणि नव्या लिफ्टमध्ये मावत नाहीत.

तांब्यापितळेची भांडी मोडीत वजनावर जातात, आणि त्यांच्यामागे गुंतलेल्या भावनेला तिथे काही भाव नसतो. नातेवाइकांना द्यायची असतील तर "कोणाला काय हवे" असे विचारू नका, नेमकी वस्तू नेमक्या माणसाला द्या. ग्रंथालये सरसकट पुस्तके घेत नाहीत. शीर्षकांची यादी करून पाठवली तर त्यांना निवड करता येते, आणि जी निवडली जात नाहीत ती रद्दीत जाऊ द्यावीत. हे लिहिणे सोपे आहे. माझ्या यजमानांचे मासिकांचे बांधलेले अंक रद्दीत गेले त्या दिवशी ते संध्याकाळी जेवले नाहीत. त्यानंतर आम्ही एक नियम केला, तो आधी करायला हवा होता: प्रत्येकाने एक खोके आपल्या मर्जीने भरावे आणि त्यातल्या वस्तूंबद्दल दुसऱ्याने एक शब्दही विचारू नये.

मुलांचे सामान ही त्यांची जबाबदारी आहे. त्यांना तारीख द्या. आमच्या मुलीची अभियांत्रिकीची पुस्तके बावीस वर्षे आमच्याकडे होती आणि तारीख दिल्यावर तिने फोनवरच सांगितले, "टाकून दे आई, मला वाटलं तुम्ही कधीच टाकली असतील."

जुनी चेकबुके, पासबुके, आधार आणि पॅनच्या प्रती, औषधोपचारांचे कागद रद्दीत देऊ नका. फाडून किंवा भिजवून नष्ट करा. जुन्या संगणकातील हार्डडिस्क काढून ठेवा. मात्र कागद नष्ट करण्यापूर्वी तिसऱ्या पायरीतील बिले त्यांत नाहीत ना, हे पाहा. आमचे एका मोठ्या दुरुस्तीचे बिल किराणामालाच्या याद्यांत सापडले.

६. किंमत ठरवा आणि एजंटला मर्यादा घाला

इमारतीत किंवा शेजारी प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचे इंडेक्स टू पाहा. संकेतस्थळांवरच्या जाहिरातीतील किमती या अपेक्षा असतात. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांच्या तक्त्यातला) दरही पाहून ठेवा, कारण मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त असेल तर कर त्या सरकारी मूल्यावर मोजला जातो.

काही रक्कम रोख घेण्याची सूचना बहुतेक वेळा येते. घर विक्रीत २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेणे कायद्याने मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी पांढऱ्या रकमेशिवाय नवे घर, रोखे, ठेवी यांपैकी काहीच नीट करता येत नाही.

एजंटची दलाली, ती कधी द्यायची आणि किती, हे आधी लेखी ठरवा. मूळ कागद, कोरे धनादेश, सही केलेले कोरे कागद आणि कुलमुखत्यारपत्र यांपैकी एकही गोष्ट एजंटला द्यायची नाही. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता, मी करून आणतो," हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असू शकते, तरीही उत्तर नाही हेच. घर दाखवताना एकटे राहू नका आणि दागिने, औषधे व कागद आधीच दुसरीकडे हलवा. पार्किंगची जागा सोसायटीने वापरायला दिलेली असेल तर ती आपण स्वतंत्रपणे विकू शकत नाही. ग्राहकाला तसे आश्वासन देऊ नका.

७. विसारापासून नोंदणीपर्यंत

विसार घेताना पावतीत पाच गोष्टी असाव्यात: एकूण किंमत, हप्त्यांच्या तारखा, ताब्याची तारीख, व्यवहार मोडल्यास विसाराचे काय होईल, आणि सोसायटीचे हस्तांतर शुल्क कोण भरणार. ताब्याची तारीख आपल्या सामानाच्या वेगाने ठरवा. ग्राहक घाई करत असेल तर शेवटचा हप्ता पुढे ढकलून ताबा पुढे नेता येतो.

सोसायटीला हस्तांतराची १५ दिवसांची नोटीस ठरावीक नमुन्यात द्या. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरासाठी सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) ही पूर्वअट नाही, पण ग्राहकाची बँक ती मागतेच, म्हणून अर्ज लवकर करा. हस्तांतर शुल्क ५०० रुपये आणि महापालिका क्षेत्रात प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, अशी मर्यादा आहे. त्यावर देणगीच्या नावाने सक्ती होत असेल तर मागणी लेखी द्या म्हणावे. लेखी मागणी सहसा येत नाही.

ग्राहकाचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल. आपल्या घराबद्दल "कोणाचा हक्क असल्यास कळवावे" असे छापलेले पाहून आमच्या नात्यातून तीन फोन आले. ही नेहमीची पद्धत आहे, घाबरू नये.

एकूण किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर ग्राहक १ टक्का कर कापून आपल्या पॅनवर भरतो. दोन मालक असतील तर प्रत्येकाच्या हिश्श्याची कपात प्रत्येकाच्या पॅनवर झाली आहे का ते पाहा आणि प्रमाणपत्र मागून घ्या. आमच्या बाबतीत सगळी कपात यजमानांच्या पॅनवर गेली आणि दुरुस्तीसाठी दोन महिने लागले.

नोंदणीच्या दिवशी सर्व मालक, साक्षीदार, मूळ ओळखपत्रे हवीत. वयामुळे बोटांचे ठसे पुसट झालेले असतात आणि यंत्र ते चटकन घेत नाही. ओला रुमाल जवळ ठेवा आणि वेळ हाताशी ठेवा. सहमालक अंथरुणाला खिळलेले असतील तर नोंदणी कायद्यात अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद आहे. डॉक्टरांच्या दाखल्यासह आधी अर्ज करावा. दस्तावर सही केल्यापासून नोंदणीसाठी चार महिन्यांची मुदत असते, पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी केलेली बरी.

मूळ कागद ग्राहकाच्या बँकेला रक्कम देतेवेळीच द्या, आणि प्रत्येक कागदाची नोंद असलेली पावती घ्या. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याचे बँकेच्या विवरणात दिसल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. मोबाइलवर आलेला संदेश किंवा पाठवलेला फोटो पुरावा मानू नका.

मोठी रक्कम एकाच बँकेत ठेवताना ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंतच असते, हे ध्यानात ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. या काळात गुंतवणूक सुचवणाऱ्यांचे फोन अचानक वाढतात. सहा महिने कोणालाही होकार न देण्याचा आमचा निर्णय चांगला ठरला.

८. ताबा आणि पत्ते

सामान हलवताना वाहतुकीचा विमा लेखी घ्या. औषधे, चष्मे, दागिने, कागदांची फाइल आणि पहिल्या दोन दिवसांचे कपडे ट्रकमध्ये नव्हे, स्वतःबरोबर न्या. नव्या घरात सर्वांत आधी पलंग लावा आणि न्हाणीघरात दिवा व आधाराचा दांडा आहे याची खात्री करा. बाकीची खोकी महिनाभर बंद राहिली तरी बिघडत नाही.

पत्ता बदलायची ठिकाणे: आधार, बँका, पेन्शन देणारे कार्यालय, आरोग्य विमा, गॅस, शिधापत्रिका, आणि मतदार यादीसाठी फॉर्म ८. पेन्शनची बँक शाखा बदलणार असाल तर नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्यापूर्वी ते काम संपवा.

जुन्या घराचा ताबा देताना ताबापावतीवर दोघांच्या सह्या घ्या आणि त्यातच वीज मीटरचे त्या दिवशीचे आकडे लिहा. आम्ही ते लिहिले नव्हते, आणि नव्या मालकाने रंगकामासाठी चालवलेल्या यंत्रांचे बिल आमच्या नावावर आले. मीटरचा फोटो तारखेसह काढून ठेवा, नाव बदलण्याचा अर्ज ग्राहकाने वीज कंपनीकडे केल्याची पोच घ्या, आणि सोसायटीकडून सदस्यत्व संपल्याचे पत्र मिळाल्यावरच ती फाइल बंद करा.